साथीच्या दिवसांतील जबलपूर : हुकूम, बातमी आणि संवाद

२० मार्च २०२० हा दिवस जबलपूरच्या स्मरणात दोन कारणांनी राहिला. त्या दिवशी भोपाळ येथे राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, आणि त्याच दिवशी जबलपूर शहरात परदेशातून परतलेल्या चार जणांना कोरोनाची बाधा झाल्याचे निष्पन्न झाले. मध्य प्रदेशात आढळलेले हे पहिले चार रुग्ण होत. नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी २३ मार्चच्या रात्री झाला. त्यानंतरही सुमारे महिनाभर राज्याला मंत्रिमंडळ नव्हते. रोग आला तो अशा वेळी. देशव्यापी टाळेबंदीची वाट न पाहता शहरावर निर्बंध आले. बडा फुहारा, लॉर्डगंज, गोरखपूर, सदर या बाजारपेठांतील दुकानांच्या फळ्या एकामागून एक बंद झाल्या.

बाजार बंद होतो तेव्हा केवळ विक्री थांबत नाही. हिंदुस्थानातील बाजार ही जशी मालाच्या देवघेवीची जागा, तशीच ती बातमीच्याही देवघेवीची जागा होय. कोणाच्या घरी आजारी आहे, कोणत्या गाड्या चालू आहेत, गव्हाचा भाव काय निघाला, सावकार थांबावयास तयार आहे की नाही, या गोष्टी माणसाला दुकानाच्या ओट्यावर आणि चहाच्या टपरीवर कळत असतात. तो ओटाच ओस पडला म्हणजे माणसे एकमेकांस पारखी होतात आणि त्या पोकळीत अफवा शिरते. साथीच्या काळात उद्योग आणि समाज यांना जगविणारी जी काही थोडी साधने असतात, त्यांत विश्वासार्ह शब्द हे एक मोठे साधन आहे. औषध आणि धान्य यांच्याइतकीच त्याचीही टंचाई पडते. जबलपूरच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात या टंचाईचे तीन निरनिराळे प्रकार पाहावयास मिळतात, आणि ते तीनही मराठी माणसाच्या इतिहासाशी निगडित आहेत.

जबलपूर मराठी श्रोत्यांना परके नाही. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य घेतले तेव्हा हा मुलूख पेशवाईच्या अमलाखाली आला. १७९८ मध्ये पेशव्यांनी तो नागपूरकर भोसल्यांस दिला आणि १८१७ च्या अखेरीस तो इंग्रजांच्या हाती गेला. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला व त्याची राजधानी नागपूर ठरली. तेव्हापासून १९५६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे, नागपूर आणि जबलपूर ही एकाच प्रांताची दोन मोठी शहरे होती. कारकून, शिक्षक, वकील, डॉक्टर आणि रेल्वेचे नोकर म्हणून आलेली मराठी घराणी तेथेच स्थायिक झाली. नर्मदेच्या काठी त्यांचे गणपती बसू लागले आणि त्यांच्या मुलांच्या मराठीत हिंदीचा गोडवा मिसळला.

या शहराच्या भाग्यात आणि दुर्भाग्यात रेल्वेचा वाटा मोठा आहे. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि कलकत्त्याकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे यांचे रूळ जबलपूर येथे एकमेकांस मिळाले आणि मुंबई-कलकत्ता हा प्रवास सलग आगगाडीने करता येऊ लागला. दोन कंपन्यांच्या गाड्या जेथे भेटतात तेथे माल उतरतो, चढतो, साठतो. व्यापारी येतात, धर्मशाळा उभ्या राहतात. विसाव्या शतकाच्या आरंभी गुजरातेतून आलेल्या पटेल मंडळींनी येथे विडीचा धंदा उभारला. भोवतालच्या जंगलातील तेंदूची पाने, बाहेरून येणारी तंबाखू आणि दूरवर माल नेणारी आगगाडी यांचा तो संयोग होता. १९०४ मध्ये तोफांचे गाडे बनविण्याचा सरकारी कारखाना निघाला. लष्करी छावणी तर आधीपासूनच होती. १९०१ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ९०,३१६ भरली. परंतु ज्या रुळांवरून तंबाखू आली त्याच रुळांवरून रोगही आला.

पहिला प्रसंग प्लेगचा. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकट झाला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला. तो अवघ्या काही कलमांचा. परंतु त्याने सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. घरे तपासणे, माणसांना वेगळे ठेवणे, प्रवाशांना गाडीतून उतरवून पाहणे, सामान जाळणे हे सर्व त्या कायद्याच्या आधारे करता येत होते. रेल्वेच्या मोठ्या स्थानकांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली. पुढील काही वर्षांत मध्य प्रांतातील शहरांनाही प्लेगने गाठले. उंदीर पडू लागले की गाव मोकळे करावयाचे आणि माळावर झोपड्या बांधून राहावयाचे, हा क्रम त्या पिढीच्या अंगवळणी पडला.

या काळात सरकार आणि प्रजा यांच्यामध्ये बोलणे कसे होत असे? दवंडी पिटली जाई, कचेरीच्या भिंतीवर जाहीरनामा लागे. दवंडीवाला सांगतो आणि जातो. त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. दुकान किती दिवस बंद राहील, रुग्णालयात नेलेले माणूस भेटेल की नाही, जाळलेल्या मालाची भरपाई कोण देईल, या प्रश्नांना दवंडीत जागा नव्हती. याचा परिणाम काय झाला हे पुण्याने दाखवून दिले. घरझडतीसाठी गोरे शिपाई माजघरात शिरले, लोकभावना दुखावल्या गेल्या आणि २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. हेतू रोग आवरण्याचा होता हे मान्य केले, तरी जी गोष्ट लोकांस समजावून सांगितली नाही ती लोकांनी जुलूम म्हणूनच स्वीकारली.

याच काळात दुसरेही एक चित्र होते. सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर यशवंत यांच्यासह पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा केली आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. टिळकांनी पुणे सोडले नाही; हिंदू रोग्यांसाठी स्वतंत्र रुग्णालय चालविण्यात त्यांनी पुढाकार घेतला. या माणसांपाशी अधिकार नव्हता, पण लोक त्यांचे ऐकत, कारण ती लोकांमध्येच राहत होती. हुकूम वरून येतो आणि विश्वास शेजारून येतो, हा धडा त्या साथीने दिला.

विश्वास किती नाजूक असतो याचेही एक उदाहरण त्याच वर्षांतले आहे. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. लस लोकांत रुजू लागली असतानाच १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी ती टोचलेल्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. दोष लशीचा नव्हता, एका कुपीत शिरलेल्या जंतूंचा होता; हाफकिन त्यातून १९०७ मध्ये मुक्तही झाले. परंतु पंजाबातल्या एका गावची बातमी आगगाडीच्या वेगाने देशभर गेली आणि तिचा खुलासा मात्र बैलगाडीच्या वेगाने, पाच वर्षांनी आला. अपायाची बातमी धावते आणि खुलासा रखडतो, ही प्रत्येक साथीची रीत आहे.

दुसरा प्रसंग १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचा. त्यात हुकूमही नव्हता आणि शब्दही नव्हता. महायुद्ध अखेरीस आले होते. मे-जूनमध्ये मुंबई बंदरात ताप शिरला. त्याची पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरमध्ये तो परतला तो वेगळ्याच रूपाने. ६ ऑक्टोबर रोजी एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. रोग रेल्वेमार्गाने आत सरकला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्य प्रांत-वऱ्हाड त्याच्या तावडीत सापडले. त्या प्रांतात दर हजारी पन्नासांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली; सर्व हिंदुस्थानात सर्वांत अधिक हानी सोसणाऱ्या प्रांतांत त्याची गणना होते. देशातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. १९२१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा वाढण्याऐवजी किंचित घटलेली दिसली. असे त्यानंतर पुन्हा घडलेले नाही.

हा रोग विशेषतः वीस ते चाळीस या वयातील माणसांना घेऊन गेला. म्हणजे ज्यांच्या हातावर घर चालते आणि ज्यांच्या पाठीवर धंदा उभा असतो तीच माणसे गेली. त्यातच त्या वर्षी पाऊस फसला होता. युद्धामुळे कापड आणि धान्य महाग झाले होते. पेरणीला माणूस नाही आणि कापणीला पीक नाही अशी अवस्था आली. साथ आणि दुष्काळ एकदम आले म्हणजे व्यापाराची नीती कसाला लागते. कोणी साठा करून भाव चढवितो, तर कोणी आपले कोठार उघडतो. मुंबईत ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी औषधे आणि दूध घरोघर पोहोचविले. अनेक शहरांत जातीजातींच्या मंडळांनी आपापल्या लोकांना हात दिला. सरकारी यंत्रणेचे पुष्कळ डॉक्टर युद्धावर गेलेले होते, म्हणून समाजानेच समाजाचा भार उचलला.

परंतु या सर्व धडपडीला जोडणारा आवाज नव्हता. वृत्तपत्रे होती, पण वाचणारे थोडे. शंभरातील नव्वदांहून अधिक माणसे निरक्षर होती. नागपुरात काय चालले आहे ते जबलपूरला पत्राने कळे, आणि पत्र आणणारा टपालवालाच तापाने पडलेला असे. पुढच्या गावी रोग ओसरू लागला आहे, पंधरा दिवस धीर धरा, एवढे एक वाक्य खात्रीने सांगणारा कोणी असता तरी पुष्कळ घरांना आधार वाटला असता. योगायोग असा की, जगातील नियमित नभोवाणी या साथीच्या पाठोपाठ, १९२० मध्ये, अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरातून सुरू झाली. ज्या पिढीने मूकपणे मरण पाहिले होते तिच्याच हाती हे बोलणारे यंत्र आले.

हिंदुस्थानात २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव रूढ झाले. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र निघाले. त्या वेळी मध्य प्रांत-वऱ्हाड हा द्विभाषिक प्रांत असल्याने नागपूरचे केंद्र मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत बोलत असे, आणि म्हणून ते जबलपूरच्या मराठी घरांनाही आपले वाटे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने हा प्रांत दुभंगला. नागपूर एका राज्यात गेले, जबलपूर दुसऱ्या राज्यात राहिले आणि तेथे उच्च न्यायालय आले. १९६४ मध्ये जबलपूरला आकाशवाणीचे स्वतःचे केंद्र मिळाले.

तथापि यंत्र आले म्हणजे संवाद आला असे होत नाही. प्रारंभीची नभोवाणी ही एका अर्थाने सुधारलेली दवंडीच होती. सांगणारा एक आणि ऐकणारे असंख्य. त्या दवंडीला प्रत्युत्तराची वाट मोकळी करून देण्याचा पहिला मोठा प्रयत्न मराठी मुलखात झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे त्यासाठी निवडण्यात आली. आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक गावी वीसेक माणसे रेडिओभोवती बसत, ऐकत, मग आपसांत चर्चा करीत, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे परत येत. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल नॉयराथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. जेथे ऐकण्यास चर्चेची जोड मिळाली तेथे लोकांचे ज्ञान स्पष्टपणे वाढले, असे त्यांना आढळून आले. ऐका, चर्चा करा, कृती करा, हे त्या प्रयोगाचे सूत्र होते. शेतीसाठी शोधलेले हे सूत्र साथीलाही तितकेच लागू पडते.

लगेच पुढच्याच वर्षी, मे १९५७ मध्ये, सिंगापूरकडून आलेल्या जहाजावरून आशियाई इन्फ्लुएन्झा मद्रास बंदरात उतरला. देशात चव्वेचाळीस लाखांवर रुग्णांची नोंद झाली. सुदैवाने नोंदलेले मृत्यू हजाराच्या आसपासच राहिले. १९१८ ची आठवण असलेली माणसे त्या वेळी हयात होती. परंतु या वेळी रोगाचे नाव, त्याचे स्वरूप आणि घ्यावयाची काळजी या गोष्टी घराघरात नाही तरी गावागावात ऐकू येण्याची सोय झाली होती.

तिसरा प्रसंग २०२० चा, आणि त्याचे जबलपूर हे मध्य प्रदेशातील पहिले स्थळ. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांचे भाषण झाले आणि मध्यरात्रीपासून सारा देश थांबला. मध्ये चार तासांचा अवधी होता. त्या चार तासांत गावोगावी किराणा दुकानांपुढे गर्दी लोटली. जी गर्दी टाळावयाची तीच नेमकी झाली. काय चालू आणि काय बंद याची यादी निघाली होती, पण ती लोकांच्या कानी नीट पोहोचण्यापूर्वीच लोक रस्त्यावर आले होते. आधी हुकूम आणि मागाहून खुलासा, हा १८९७ चाच क्रम येथेही थोड्याफार प्रमाणात दिसला.

जबलपूरच्या जमेच्या बाजूस एक गोष्ट होती. जनजातींच्या आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था या शहरात आहे. प्रारंभीच्या दिवसांत सबंध मध्य प्रदेशात कोरोनाची चाचणी होऊ शकत असे अशी ठिकाणे दोनच, भोपाळचे एम्स आणि जबलपूरची ही संस्था. त्यामुळे निदान शहरातल्या शहरात लवकर होई. परंतु निदान झाले तरी धंदा कसा चालावा?

शहराचे धंदे पाहिले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते. विडीचा धंदा घरोघर पसरलेला आहे. सट्टेदार पाने, तंबाखू आणि सूत बायकांच्या घरी देतो, त्या घरबसल्या विड्या वळतात आणि हजारी दराने मजुरी घेतात. सट्टेदाराची फेरी थांबली की त्या घरातील चूल थांबते. त्या बाईला कारखाना बंद झाल्याची नोटीस मिळत नाही, कारण तिचा कारखाना म्हणजे तिची ओसरीच. दुसरा मोठा व्यवसाय तयार कपड्यांचा. जबलपूरचे सलवार-सूट दूरदूरच्या राज्यांत जातात. मार्चमध्ये माल शिवून तयार, समोर लग्नसराई, आणि गाठोडी बांधलेली असताना मालवाहतूक बंद. भेडाघाटला संगमरवराच्या मूर्ती घडविणारे कारागीर आणि नावाडी केवळ प्रवाशांवर जगतात. धुवांधार कोसळत राहिला, पण पाहणारा कोणी नव्हता. खेड्यांत गहू कापणीला आलेला आणि एप्रिल-मे हा तेंदूपाने तोडण्याचा हंगाम.

अशा वेळी माणसाला भाषण नको असते, उत्तर हवे असते. गव्हाची सरकारी खरेदी केव्हा सुरू होणार? रिझर्व्ह बँकेने २७ मार्च रोजी कर्जाचे हप्ते तीन महिने लांबणीवर टाकण्याची मुभा दिली, पण त्या काळाचे व्याज चढणार की माफ होणार? शेजारच्या जिल्ह्यात अडकलेल्या कारागिराला परत आणण्यास परवाना कोठे मिळतो? दुकानातील नोकराला ताप आला तर दुकान किती दिवस बंद ठेवावयाचे? वृत्तपत्रे त्या दिवसांत पुष्कळ घरी जातच नव्हती, कारण कागदावरून रोग येतो या भयाने लोकांनी ती बंद केली होती. भ्रमणध्वनीवर येणारे निनावी संदेश खरे किती आणि खोटे किती, हे सांगता येत नव्हते. तेव्हा जुना रेडिओ पुन्हा उपयोगी पडला. आकाशवाणीच्या केंद्रांनी कमी माणसांनिशी काम चालू ठेवले. डॉक्टर आणि अधिकारी दूरध्वनीवरून श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे देऊ लागले. खासगी एफ.एम. केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. तरी कोणती पेठ केव्हा उघडणार, भाजी कोठे मिळणार, रक्त कोणास हवे आहे, असे स्थानिक व्यवहाराचे बोलणे त्यांनाही करता येत होते.

या बोलण्याचा मोठा गुण त्याच्या जवळिकीत होता. दिल्लीहून येणारा आवाज देशाची आकडेवारी सांगतो. आपल्या गल्लीचे काय, हे गावचा आवाज सांगतो. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे माणदेशी महिलांच्या बँकेच्या परिवाराने २००८ मध्येच स्वतःचे सामुदायिक नभोवाणी केंद्र काढले आहे. बचत, कर्ज, लहान व्यवसाय, आरोग्य यांविषयी तेथे गावच्याच बायका गावच्याच बोलीत बोलतात. असे बोलणे ज्या भागात आधीपासून चालू असते, तेथे संकटाच्या दिवशी विश्वास नव्याने उभा करावा लागत नाही.

त्या उन्हाळ्यात काही गोष्टी साधल्या. गव्हाची खरेदी थोडी उशिरा, एप्रिलच्या मध्यास सुरू झाली. केंद्रांवर गर्दी होऊ नये म्हणून शेतकऱ्यांना ठराविक दिवशी बोलाविण्यात आले. त्या हंगामात मध्य प्रदेशाने सव्वाशे लाख टनांहून अधिक गहू खरेदी करून पंजाबलाही मागे टाकले. ज्या शेतकऱ्याला आपला दिवस आधी कळला तो निश्चिंतपणे घरी थांबला. एखादा नियम पाळला जाण्यास पुष्कळदा पोलिसापेक्षा निश्चित बातमी अधिक कामी येते, याचे हे उदाहरण होय. १ जून २०२० रोजी रस्त्यावरील विक्रेत्यांसाठी दहा हजार रुपयांच्या कर्जाची योजना जाहीर झाली. अशा योजनेचा लाभ घ्यावयाचा तर भाजीवाल्याला प्रथम ती कळली पाहिजे आणि तिच्या अटी त्याच्या भाषेत समजल्या पाहिजेत.

परंतु शब्द जेथे पोहोचला नाही तेथे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. मध्य प्रदेशातील उमरिया आणि शहडोल या जिल्ह्यांतील काही मजूर महाराष्ट्रात जालना येथे पोलादाच्या कारखान्यात कामाला होते. काम थांबले, पैसे संपले. गावी जाण्यासाठी गाडी मिळेल या आशेने ते रुळांच्या कडेने भुसावळच्या दिशेने पायी निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ, थकून रुळांवरच झोपी गेलेल्या सोळा जणांवरून मालगाडी गेली. प्रवासी गाड्या बंद, म्हणून रूळही निजलेले, असा त्यांचा समज झाला असावा. त्यांचे मृतदेह विशेष गाडीने जबलपूरला आणण्यात आले व तेथून त्यांच्या गावांकडे नेण्यात आले. मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारे जे स्थानक दीडशे वर्षे या शहराचे वैभव होते, त्याच स्थानकावर हे सोळा प्रवासी असे परत आले. श्रमिकांसाठी गाड्या १ मेपासून सुटू लागल्या होत्या. पण कोणती गाडी, कोठून, कोणत्या दिवशी, आणि नाव कोठे नोंदवावयाचे, हे त्या माणसांना त्यांच्या भाषेत, विश्वासाने सांगणारा कोणी वेळेवर भेटला नाही. मराठी मुलखात राबणारा बुंदेली आणि बघेली बोलणारा मजूर हा कोणाचा श्रोता, या प्रश्नाचे उत्तर अद्याप द्यावयाचे आहे.

२०२१ च्या वसंतात दुसरी लाट आली. तिने जबलपूरला पहिल्या लाटेहून अधिक छळले. प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी माणसे रात्ररात्र धावली. रेमडेसिविर या औषधाची टंचाई झाली आणि बनावट इंजेक्शनांचा व्यापार करणारी टोळी उघडकीस आली. मे महिन्यात जबलपूरमध्येही त्याबद्दल गुन्हे नोंदले गेले. आप्तांचा जीव वाचावा म्हणून दागिने मोडून आणलेल्या पैशांत मीठ-पाणी विकले गेले, याहून बाजाराचा अधःपात कोणता? उलट त्याच दिवसांत देशातील कित्येक कारखान्यांनी आपला प्राणवायू रुग्णालयांकडे वळविला, गुरुद्वारांनी लंगर चालविले, आणि किराणा दुकानदारांनी वहीवर उधारी मांडून गल्लीच्या गल्ल्या जगविल्या. व्यापार आणि समाज या दोन निराळ्या गोष्टी नव्हेत. दुकानदाराची वही हा विश्वासाचा दस्तऐवज आहे. साथ ओसरल्यावर त्या वहीतील आकडे वसूल होतात की नाही, यापेक्षा ती उघडली गेली की मिटली गेली हेच लोकांच्या लक्षात राहते.

१६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले तेव्हा मुलकोवालची छाया पुन्हा पडली. लशीविषयी नाना प्रकारच्या अफवा उठल्या. त्या दूर झाल्या त्या केवळ जाहिरातींनी नव्हे. शेजारच्या वृद्धाने लस घेतली आणि तो चार दिवसांनी ओट्यावर बसून बोलू लागला, गावच्या डॉक्टरीणबाईंनी लोकांचे प्रश्न ऐकून घेतले आणि न चिडता उत्तरे दिली, तेव्हा त्या विरल्या. सव्वाशे वर्षांपूर्वी जे सावित्रीबाईंच्या हाताने साधले होते, त्याला आता आवाजाचीही जोड मिळाली.

मराठी भाषेत साथ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एकीकडे तो पसरणारा रोग, दुसरीकडे ती सोबत. पहिल्या साथीला दुसरीने उत्तर द्यावे, असेच जणू भाषेने सुचविले आहे. जबलपूरच्या तीन अनुभवांवरून एवढे म्हणता येईल की, १८९७ मध्ये हुकूम होता पण बोलणे नव्हते. १९१८ मध्ये माणुसकी होती पण तिला आवाज नव्हता. २०२० मध्ये आवाज होता, परंतु तो सर्वांपर्यंत सारखा पोहोचला नाही. पुढची साथ केव्हा येईल ते कोणास सांगता येत नाही. ती येईल तेव्हा औषधांचे साठे आणि खाटांची संख्या यांबरोबर आणखी एक साठा तपासून पाहावा लागेल. गावच्या लोकांना गावच्या भाषेत प्रश्न विचारता येतील आणि खरे उत्तर मिळेल अशी जागा तेथे आहे काय? ती जागा संकटाच्या दिवशी बांधता येत नाही. विहीर तहान लागण्यापूर्वीच खणावी लागते, तसे हे बोलणेही सुखाच्या दिवसांतच चालू ठेवावे लागते. म्हणूनच धंद्याच्या, शेतीच्या आणि आरोग्याच्या साध्या प्रश्नांवर रोज होणारे स्थानिक केंद्रावरील ते अर्ध्या तासाचे बोलणे शांततेच्या काळात कितीही सामान्य वाटले, तरी त्याची किंमत कमी लेखून चालणार नाही.